काकूंच्या सीड्यांची उलटी वाट

छाननीकाकांना आयुष्यात दोनच जातींच्या माणसांची चीड होती. एक, पत्ता अर्धवट लिहिणारी, आणि दुसरी, वस्तू जागच्या जागी न ठेवणारी. पहिल्या जातीची माणसं त्यांना टपालाच्या छाननी विभागात छत्तीस वर्षं रोज भेटली. दुसऱ्या जातीतल्या एकीशी त्यांनी लग्न केलं.

छाननीकाका हे नाव कचेरीतल्या पोरांनी ठेवलेलं आणि ते गल्लीपर्यंत येऊन चिकटलं. समोर भिंतभर खण, डाव्या हातात पाकिटांचा गठ्ठा, आणि नजर पत्त्यावर पडते न पडते तोच उजवा हात खणाकडे निघालेला. चुकून पाकीट भलत्या खणात गेलं तर काकांना रात्री जेवण जायचं नाही, असं म्हणतात. अतिशयोक्ती असेल, पण फार नसेल. घरात चमच्यांत सुरी सापडली तरी ते अशा चेहऱ्याने बाहेर यायचे की काकू विचारायच्या, "अहो, कोण गेलं?"

काकू दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसायच्या. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी ऐकायची आणि पगार झाला की चार-पाच सीड्या घेऊन घरी यायचं, हा त्यांचा शिरस्ता. गाण्यातलं कळतं का म्हणून कोणी विचारलं तर म्हणायच्या, "कळत कुठे? आवडतं. कळलं असतं तर दोष काढत बसले असते." असं करता करता तेराशे सीड्या झाल्या. मागच्या खोलीच्या तीन भिंतींवर फळ्या चढल्या, आणि चौथ्या भिंतीशी एक खुर्ची, एक प्लेयर आणि काकू.

आता काकूंची खोड सांगतो, कारण सगळं तिथेच अडलंय. सीडी बदलताना माणूस काय करतो? जुनी काढतो, तिच्या डबीत ठेवतो, मग नवी घेतो. काकू तेवढा धीर कुठून आणणार! त्या नव्या सीडीची डबी उघडायच्या, नवी प्लेयरमध्ये घालायच्या आणि प्लेयरमधून निघालेली जुनी त्याच रिकाम्या डबीत टाकून मोकळ्या. म्हणजे बासरीच्या आधी पियानो ऐकला असेल, तर बासरीच्या डबीत पियानो. पियानोच्या डबीत त्याच्या आधीची कुठली तरी. काका दर रविवारी सकाळी बसून आठवड्याचा हा घोळ निस्तरायचे, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. काकू दारात उभ्या राहून हसायच्या. "तुम्हाला नोकरीची आठवण येऊ नये म्हणून करते हो मी."

एक शिस्त मात्र त्यांनी कधी मोडली नाही. लावलेली सीडी शेवटपर्यंत ऐकायची. मध्येच बंद करणं म्हणजे भरल्या ताटावरून कोणाला उठवणं, असं त्यांचं मत होतं.

निवृत्तीनंतर काकांना तो आवाज सोसेना. त्यांनी काकूंच्या वाढदिवसाला हेडफोन आणला. भेट कसली, सोय ती! काकूंनी तो आनंदाने घातला आणि घर शांत झालं. काका स्वयंपाकघरात रेडिओवर बातम्या ऐकायचे, काकू आत गाणी. भिंत एक आणि संसार दोन.

गेल्या वर्षी एका गुरुवारी काकू त्या खुर्चीतच गेल्या. हृदय बंद पडलं. काकांनी सगळ्यांना सांगितलं की मी दुपारपासून बाहेर होतो, जुन्या दोस्ताकडे, सातला आलो आणि बघतो तर हे असं. लोक हळहळले. कोणी उलटून विचारलं नाही. गेलेल्या बाईच्या नवऱ्याची उलटतपासणी घेतंय कोण?

पण काका घरातच होते. दोस्तबिस्त सगळं झूट. पाचला त्यांनी चहा केला आणि खोलीचं दार ढकलून म्हणाले, "चहा झालाय." काकू पाठमोऱ्या, कानावर हेडफोन, मान जरा एका बाजूला, खुर्चीच्या हातावर लाल होडीचं चित्र असलेली डबी. काका पुन्हा म्हणाले. उत्तर नाही. निवृत्तीपासूनच्या चार वर्षांचं काय काय साचलेलं होतं कोण जाणे, पण तोंडातून निघून गेलं, "मर मग त्या गाण्यांतच!" आणि त्यांनी दार आपटलं. दोन्ही कप स्वतःच प्यायले. रेडिओ मोठा केला. सातला पुन्हा दार उघडलं तेव्हा काकूंचा हात थंड होता.

माणूस जगायला काहीतरी आधार शोधतोच. काकांनी शोधला तो असा की पाचलाच ती गेलेली होती. मान कलली होती ना? उत्तर नव्हतं ना? म्हणजे आपण बोललो ते ऐकायला कोणी नव्हतंच, आणि धावपळ करून वाचवायलाही कोणी उरलं नव्हतं. डॉक्टरांनी तरी कुठे वेळ सांगितली! हा आधार धरून काकांनी वर्ष काढलं. तरी दुपारी पाच वाजले की हातातला कप खाली ठेवून ते उगीच त्या बंद दाराकडे बघत बसायचे, आणि आत कोणीतरी खुर्ची सरकवली असं त्यांना वाटायचं. एकदा तर त्यांनी चक्क विचारलं, "काय गं?"

मग लेकीचा फोन आला. ती परगावी नर्स. तिला इथल्या रुग्णालयात बदली मिळत होती. "बाबा, मी तुमच्याकडेच राहीन म्हणते. पण मला रात्रपाळ्या असणार, दिवसा झोपायला शांत खोली पाहिजे. मागची खोली द्याल?" वर्षभर भिंतींशी बोलणारा माणूस, त्याला दुसरं काय हवं असतं? हो म्हणाले आणि मग आठवलं, तेराशे सीड्या.

लेक म्हणाली, कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ आणि देऊन टाकू. "देऊन टाकू म्हणे! ती काय रद्दी आहे?" काकांनी मोजायची टेप काढली. एक प्लास्टिकची डबी एक सेंटिमीटर जाड. तेराशे डब्या म्हणजे तेरा मीटर फळी. पण डबीत असतं काय? एक पातळ चकती, पुढचा कागद, मागचा कागद, आणि बाकी निव्वळ हवा. हवेला भाड्याने खोली दिलेली! मऊ पाकिटं मिळतात, त्यांत सीडी आणि दोन्ही कागद बसतात, आणि एका डबीच्या जागेत चार पाकिटं मावतात. तेराचे सव्वातीन मीटर. पलंगाखाली दोन ओळींत सगळा खजिना जाईल, वर लेक झोपेल. काकांना किती दिवसांनी काम मिळालं! त्यांनी तेराशे पाकिटं मागवली, खोके आणले, अक्षरांच्या चिठ्ठ्या कापून ठेवल्या. लेक दोन दिवस मदतीला आली.

शनिवारी सकाळी त्यांनी ती खोली उघडली. खुर्चीकडे न बघता काका कामाला लागले. डबी उघड, सीडी काढ, कागद काढ, पाकिटात घाल, डबी पोत्यात. हात जुन्या सवयीने चालू लागले. लेक कागद काढून द्यायची. जेवणापर्यंत दोन भिंती उघड्या पडल्या, आणि भिंतीचा मूळ रंग पिवळा होता हे बापलेकींना नव्याने कळलं.

"तुमचे हात भरून कसे येत नाहीत हो?" लेक म्हणाली.

"टपालात भरून येऊ दिले असते तर तुझं शिक्षण झालं नसतं," काका म्हणाले, आणि दोघं हसली. त्या खोलीत हसायला वर्ष लागलं होतं.

दुपारी लेक चहा ठेवायला गेली आणि काका तिसऱ्या भिंतीशी आले. सगळ्या डब्यांत आपापली सीडी होती, कारण काकू गेल्या त्याच्या आधीचा रविवार काकांनी चुकवला नव्हता. घोळ असेल तो सोमवार ते गुरुवारचा. आणि तो लागलाच. लाल होडीची डबी हाताला लागली. ती फळीवर कशी? कोणा शेजारणीने आवरताना ठेवली असेल. उघडली तर आत व्हायोलिनची सीडी. बरोबर, ती आधीची. मग लाल होडीची सीडी असणार प्लेयरमध्ये. वर्षभर काकांनी त्या यंत्राला हात लावला नव्हता. त्यांनी वायर जोडली, बटण दाबलं. कप्पा बाहेर सरकला.

आत बासरी होती.

काका बघतच राहिले. बासरीची डबी प्लेयरच्या मागे पडलेली होती. उघडली. आत पियानो. पियानोची डबी शोधायला त्यांना वेळ लागला नाही, कुठली चीज कुठल्या फळीवर हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? ती उघडली. आत लाल होडी होती.

छत्तीस वर्षं छाननी केलेल्या माणसाला हे उलगडायला किती वेळ लागणार? पाचला लाल होडी वाजत होती. ती संपल्यावर काकूंनी पियानो लावला, होडीची डबी फळीवर ठेवली. पियानो बावन्न मिनिटांचा, मागच्या कागदावर लिहिलेलं होतं, आणि काकू मध्येच बंद करणाऱ्यातल्या नव्हेत. तो संपल्यावर बासरी. म्हणजे दार आपटलं त्यानंतर ती दोनदा खुर्चीतून उठली होती. सहापर्यंत तरी ती या खोलीत चालत-फिरत होती, आणि आपण भिंतीपलीकडे बातम्या ऐकत होतो.

काकांना वाटलं मागे खुर्ची सरकली. त्यांनी वळून पाहिलं नाही, हिंमतच झाली नाही.

तीन सीड्या, तीन डब्या. जागच्या जागी घालायला पाच सेकंद. बासरी बासरीच्या पाकिटात, पियानो पियानोच्या, होडी होडीच्या, की संपलं. मग जगात कोणालाही हे कळलं नसतं, लेक राहायला आली असती, म्हातारपण सुखाचं गेलं असतं. आणि सांगितलं तर? मरणाऱ्या आईला बाप मर म्हणाला, वर वर्षभर खोटं बोलला, हे ऐकून कुठली लेक त्या बापाच्या घरी झोपायला येईल? काकांनी बासरी उचलली, पाकिटाच्या तोंडाशी नेली. हात पुढे जाईना. खोटा पत्ता टाकून पाकीट खणात सारायची सवय त्या हाताला नव्हती, दुसरं काय?

लेक चहा घेऊन आली. काकांनी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. दोस्ताकडे गेलो नव्हतो इथपासून तीन डब्यांपर्यंत. मर म्हणालो तेही. बोलताना त्यांनी मान वर केली नाही.

लेकीने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "सहाच्या सुमाराला आईचा मला फोन आला होता."

काकांनी मान वर केली.

"म्हणाली, तुझे बाबा रागावलेत. चहा झाला म्हणून दोनदा सांगितलं, मी मुद्दाम वळले नाही. मग म्हणाले, मर मग त्या गाण्यांतच. हसत होती बाबा ती. म्हणाली, मागून रेडिओचा आवाज येतोय ना, तोच तो राग. आता एवढी बासरी ऐकते आणि जाते समजूत काढायला."

"म्हणजे तुला ठाऊक होतं? वर्षभर?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." तिचा आवाज फाटला. "बाबा, मला दुसरं काही नको. एवढंच सांगा. तिने हाक मारली होती का?"

नाही म्हटलं असतं तर दोघंही सुटली असती. एका शब्दाचं काम होतं.

"ठाऊक नाही," काका म्हणाले. "रेडिओ मोठा केला होता मी."

लेक उठली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. काका तिच्यामागे गेले नाहीत. चहावर साय धरली. अंधार पडायच्या सुमाराला ती आत आली, डोळे सुजलेले, आणि खाली बसून उरलेल्या डब्यांतले कागद काढायला लागली. काका पाकिटं भरत गेले. दुसऱ्या दिवशी जाताना ती एवढंच म्हणाली, "पुढच्या शनिवारी माझं सामान येतंय."

आता ती तिथेच राहते. पलंगाखाली तेराशे सीड्या, वर लेक, रात्रभर वॉर्डात उभी राहून आलेली, दुपारी मेल्यासारखी झोपते. घरात रेडिओ नाही, काकांनी तो भंगारवाल्याला दिला. पण दुपार झाली की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. स्वयंपाकघरातून उठतात, अनवाणी येतात आणि त्या दाराला कान लावून उभे राहतात. श्वास ऐकू येतो का बघतात. कधी येतो, कधी येत नाही. नाही आला की अगदी हलक्या आवाजात हाक मारतात. दिवसातून तीनदा, चारदा.

लेकीची झोप मोडते. दुसरी कोणी असती तर खेकसली असती. ती कूस बदलते आणि दाराकडे तोंड करून म्हणते, "आहे मी, बाबा. जा तुम्ही."