गळ्यातला टेप

गोंडपिपरी तालुक्यात संस्थेचा टॅक्सचा कागद ऑनलाईन भरणारा पह्यला अध्यक्ष मीच. म्हंजे, भरला चाचानं. मी बाजूच्या स्टुलावर बसून भजे खाल्ले.

चाचा आधी शिंपी होते, मंग गावाचे ऑनलाईन कागद भरून देऊ लागले. शिलाई मशीनच्या टेबलावरच त्याईनं कॉम्प्युटर मांडला, पण गळ्यातला टेप काई काढला नाई. एकेक रकाना तीनदा वाचत अन् म्हणत, "पह्यले नाप, मंग कैची." बटन दाबाच्या आधी टेप दोन हातात असा ताणत, जसं काई सरकारची कंबर मोजून राह्यले. असा मानूस तुमच्याही गावात असन. नसन, तर तुमचे कपडेही ढिले असतीन अन् कागदही.

मी अध्यक्ष कसा झालो? निवडीच्या बैठकीत मले झोप लागली होती, म्हणून नाई म्हणता आलं नाई. शाळेचं तोंड पाह्यलं नाई, पण सही येते. एका अक्षराले एक बिडी लागते, बस. संस्थेचं कामही एकच, दर गुरुवारी गावात चंद्रपूरहून डॉक्टर आनाचा. त्याची गाडी पाठवनाऱ्या देनगीदाराईची अट होती का टॅक्सचा कागद दरसाल पक्का पाह्यजे.

कागद भरला, चाचानं एक पावती छापून देल्ली. "निळ्या पेनानं सही करा अन् पोस्टानं बंगलोरच्या टॅक्स हापिसात पाठवा. तिथी पोचली तरच भरला म्हणतीन."

"चाचा, मी का लहान पोट्टा हाव?"

आता आमच्याकडं सरकारी कागद हाती आला का पह्यले त्याचं लॅमिनेशन करतेत. रेशन कार्ड, जातीचा दाखला, सारं. अन् या पावतीवर तर माह्यं नाव छापलं होतं! सही केली, लॅमिनेशन केलं, डॉक्टर बसते त्या खोलीत भिंतीले टांगली. हारही घातला.

तीन महिन्यानं एका गुरुवारी चाचा घुटना दाखवाले आले. भिंतीकडं पाहतच राह्यले.

"हे काऊन इथी?"

"शोभा येते, चाचा."

"अध्यक्षसाहेब, मुदतीले आठ दिवस राह्यले. गावाचा गुरुवार बंद करता का?"

घुटना दाखवाचा तसाच राह्यला. दुकानात आलो तर लाईन गेलेली. चाचा माह्या खांद्याले धरून लंगडत एस्टीत चढले. चंद्रपुरात दुसरी पावती छापली. मी सही करून राह्यलो होतो अन् ते मागं उभे. "हळू, बाप्पा. टाका सुटला नाई पाह्यजे." पाकीट त्याईनंच पोस्टाच्या पेटीत टाकलं, अन् आत पडलं का नाई ते बोटं घालून पाह्यलं.

गुरुवार वाचला.

पुढच्या साली गेलो तर टेप खुर्चीच्या पाठीवर होता, अन् खुर्चीत चाचाची पोरगी. तिनंही रकाने तीनदाच वाचले. पावती छापून निंगाली तसा मी हात पुढं केला. तिनं कागद मागं ओढला.

"इथीच सही करा, काका. पोस्टात मीच टाकीन. अब्बा जाताना दोनच गोष्टी सांगून गेले. अम्मीची गोळी चुकवू नको, अन् या मानसाच्या हाती कागद देऊ नको."