पत्रिकांवरचे पत्ते

डोंबिवलीत माझी खानावळ होती तेव्हा तो रोज कोपऱ्यातल्या पाटावर जेवायचा. कचेरीत कारकून, अक्षर छापल्यासारखं. ताक मागायचं तरी आधी म्हणायचा, "काकू, त्रास नसेल तर." समोरच्या चाळीतल्या एका मुलीवर त्याचा जीव होता. हे तिला ठाऊक होतं, तिच्या आईला तर जास्तच. म्हणून त्यांच्या रेशनच्या रांगेत हाच उभा. मुलीचं लग्न दुसरीकडे ठरलं, तेव्हा पत्रिकांवरचे पत्तेही त्या मायलेकींनी त्याच्याकडूनच लिहून घेतले. चार संध्याकाळी बसून त्याने ते लिहिले, प्रत्येक पत्रिकेला कुंकवाचं बोटही लावलं.

लग्नाच्या दिवशी खानावळ बंद होती. मी लग्नाला निघाले, तर हा दारात.

"काकू, त्रास नसेल तर थोडा भात मिळेल?"

"अरे, तू लग्नाला गेला नाहीस?"

"यादीत माझं नाव नव्हतं."

"मग एक पत्रिका स्वतःला लिहायचीस."

"असं कसं, काकू? यादी त्यांची."

मला त्या मायलेकींचा संताप आला, आणि त्याहून जास्त ह्याचा. आहेराचा खण फडताळात परत टाकला आणि स्टोव्ह पेटवला.

"बस," मी म्हटलं. "आणि जेवताना पुन्हा 'त्रास नसेल तर' म्हणालास, तर पानावरून उठवीन."