आधी रंग, मग पाना

नारायणगावच्या बाहेर हायवेला लागून आमची शेड आहे. तिथे खोल्या तयार होतात. लोखंडी सांगाडा, भिंती, खिडक्या, वायरिंग, सगळं शेडमध्येच बसवायचं, अख्खी खोली ट्रेलरवर चढवायची आणि गावात नेऊन क्रेनने ठेवायची. यात तुझं काम काय, असं लोक विचारतात. नियम पाळले जातात की नाही ते बघायचं, असं मी सांगते. समोरचा माणूस हसतो. मला आता त्या हसण्याचाही कंटाळा आलाय.

सगळी कटकट एकाच नियमाची होती. खोलीच्या वरच्या चारही कोपऱ्यांना जाड पट्ट्या बोल्टने बसवलेल्या असतात. क्रेनच्या साखळ्या त्यांनाच अडकतात. खोली हवेत असताना तिचा सगळा भार त्या बोल्टांवर. म्हणून बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळायचा. त्यासाठी खास पाना आहे. पुरेसं आवळलं की तो 'कट्' वाजतो. वाजला की नटावरून पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची सरळ रेघ ओढायची. पुढे नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. पहिलीतल्या पोराला कळेल असं हे काम.

त्या दुपारी मी शेडमध्ये गेले तर आमचा मिस्त्री शिडीवर बसून पिवळ्या रेघा ओढत होता. लई सुबक. पाना मात्र भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेला.

"मिस्त्री, हे आवळलेत?"

"आवळायचेत की."

"मग रेघ कशी काय आली?"

"रंग वाळाया वेळ लागतो, मॅडम. सांच्याला ट्रेलर भरायचाय. आधी रंग, मग पाना. टाइम वाचतो."

खाली खिडक्या बसवणारा त्याचा जोडीदार म्हणाला, "मॅडम, लग्नात बी आधी हळद असती राव!" सगळी शेड हसली.

मी विचारलं, "आणि पाना कधी लावणार?"

"साइटवर. पॉलिहाऊसचं असंच असतं. समदं उभं राहिल्याबिगर आवळायचं न्हाई, न्हाईतर सांगाडा वाकडा बसतो."

मिस्त्री बेल्ह्याचा. आमच्याकडे येण्याआधी त्याने जुन्नर-आंबेगावात कितीतरी पॉलिहाऊस, म्हणजे फुलं-भाज्यांसाठीची प्लास्टिकच्या छताची घरं, उभी केली होती, आणि पॉलिहाऊसबद्दल तो म्हणत होता ते खरंच होतं. माझा संताप त्यामुळेच जास्त. लबाड माणसाशी भांडता येतं. हा माणूस एका जागचा चांगला नियम इमानदारीने भलत्या जागी लावत होता. पॉलिहाऊस कुणी साखळीला टांगून उचलत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात येत नव्हतं.

"ट्रेलरवर ही खोली काय उडी मारून चढणार आहे?" मी ओरडले. "आज संध्याकाळी इथेच उचलायची ना? ती फिरू नये म्हणून खाली दोरी धरून कोण उभं राहणार?"

"मीच. दुसऱ्या कुणाला जमतंय?"

म्हणजे सैल बोल्टांवर टांगलेली खोली आणि तिच्याखाली तो स्वतः. लांब उभं राहायचा नियम आहे, पण खोली जागेवर टेकवताना शेवटी हात लावावाच लागतो. आणि पुढे ती खोली निरगुडसरच्या पलीकडे एका वाडीच्या शाळेवर, खालच्या वर्गावर दुसरा मजला म्हणून बसणार होती.

आमच्या घरात पत्रकांची पेटी होती. वडील सभांना जायचे आणि पत्रकं आणायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. ठळक टाइपात खरं लिहिलं की माणसं बदलतात, हे मला दूध-भाकरीबरोबर मिळालेलं. म्हणून शेडसाठीही मी पत्रक काढलं होतं: 'बंधूंनो, रेघ म्हणजे दागिना नव्हे, रेघ म्हणजे शब्द!' त्याचे कागद काचांवर रंग उडू नये म्हणून चिकटवलेले मला सापडले. उलटे. वाचायला सुद्धा येऊ नयेत असे.

आता मी पत्रकाच्या भाषेत बोलले नाही. म्हटलं, "मिस्त्री, तुमच्या बेल्ह्याच्या बाजारात बैल घेताना शिंगांचा रंग बघता की दात?"

त्याने ब्रश खाली केला. "शिंगं बघून घेईल तो लई शहाणाच."

"मग मला शिंगं कशाला दाखवताय?"

तेवढ्यात शेठ आले. शेठच्या वडिलांचं गावात हार्डवेअरचं दुकान. मापात कमी द्यायचं नाही, ही त्यांच्या घरची ख्याती. पण उद्या सकाळी वाडीवर उद्घाटन होतं आणि सरपंचबाईंचे यजमान सकाळपासून शेठना फोन करत होते. बाईंचा फोन मी कधीच ऐकला नाही, यजमानांचाच.

"ताई, आवळून घ्या आणि गाडी सोडा," शेठ म्हणाले. "विषय संपला."

"सगळ्या रेघा आधी खरवडाव्या लागतील."

"का? आवळल्यावर बरोबरच होतील की त्या."

"आवळला कुठला आणि राहिला कुठला, हे रेघेवरून कसं कळणार? सगळ्यांवर आहे!"

"मांडव घातलाय तिकडं. पाहुणे येणार. तुमच्या एका रेघेपायी—"

"माझी नाही ती रेघ!"

हे वाक्य मी या नोकरीत किती वेळा बोलले असेन. हेल्मेट मॅडमचं, पट्टा मॅडमचा, रेघ मॅडमची. जणू मी हे सगळं माहेराहून आणलंय.

शेवटी मीच खरवडणी घेऊन शिडीवर चढले. मला वर बघून मिस्त्रीला लाज वाटली की राग आला, माहीत नाही, पण त्याने पाना काढला आणि पुटपुटत दुसऱ्या कोपऱ्याला लागला. कट्. कट्. मी खरवडतेय, तो आवळतोय. मग एका बोल्टवर पाना फिरला, फिरला आणि फिरतच राहिला. आवाज येईना.

"हा तर नुसताच फिरतोय," मिस्त्री म्हणाला. त्याने नट हाताने काढला. बोल्टचे आटे पार झिजलेले. त्या नटावर त्याने ओढलेली रेघ सगळ्यांत देखणी होती.

त्याने खाली बघून हाक मारली, "शेठ, हितं या. वर या तुमी."

शेठ पांढऱ्या कपड्यांत शिडी चढले. झिजलेला बोल्ट बोटांत धरून बघितला, खाली उतरले आणि फोन लावला. "गाडी उद्या निघंल. व्हय, उद्या. नाही, फीत तुम्ही कापून घ्या."

रात्री झिजलेला बोल्ट बदलला, 'कट्' वाजल्यावरच नव्या रेघा ओढल्या आणि मी एकेक तपासली. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा भाषणं होऊन गेली होती. मोकळ्या गच्चीखाली फीत कापून पाहुणे निघून गेलेले. यजमान तेवढे उरले होते. "आल्या का मॅडम? आम्हांला वाटलं, पुढच्या निवडणुकीला येताय."

साखळ्या अडकवल्या. मिस्त्रीने दोरी हातात घेतली. मी म्हटलं, "रस्ता खड्ड्यांचा होता. नट हलले असतील, रेघा बघा."

"तुमी काल बघितलंय ना? मग झालं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. काल तो रंगावर विसंबून खाली उभा राहणार होता, आज माझ्यावर. फरक काय? उद्या मी तापाने घरी पडले तर?

"मी नाही बघणार," मी म्हटलं आणि शाळेच्या पायरीवर जाऊन बसले.

क्रेनवाल्याने हॉर्न दिला. यजमान म्हणाले, "आता काय रुसवा काढायला बँड आणू?" मिस्त्रीने एकदा माझ्याकडे, एकदा वरच्या पट्ट्यांकडे बघितलं. मग तोंडातली तंबाखू थुंकला, शिडी लावली आणि चढला. प्रत्येक कोपऱ्यावर वाकून, रेघेवर बोट ठेवून बघत गेला. एका जागी त्याने पाना मागितला. खालपर्यंत 'कट्' ऐकू आलं.

उतरून त्याने पुन्हा दोरी धरली आणि क्रेनवाल्याला हात केला. खोली जमिनीपासून सुटली, जरा डोलली आणि वर जाऊ लागली. जोडीदार उत्साहाने पुढे सरकला तसा मिस्त्री कडाडला, "मागं हो! मागं! वर चढून तुझ्या बापानं बघितलंय का, काय आवळलंय ते?"