बाबांचं इंजिन खोक्यातून निघालं

माझा नवरा डेल्बर्ट छोटी पितळी इंजिनं जमवतो. जपानी कारागिरांनी हातानं घडवलेली, वाफेच्या खऱ्या इंजिनासारखी हुबेहूब. आता मला सांगा, इंजिन रुळावर शोभतं की खोक्यात? पण आमच्याकडे ती खोक्यातच झोपतात. चालवायची नाहीत, रंगवायची तर मुळीच नाहीत! आमच्या अल्टूना गावातले सगळे हौशी असेच. काळा रंग लागला की म्हणे इंजिनाची किंमत पडते.

त्यातलं एक माझ्या बाबांचं. बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते, तेव्हा ते चालवायचे अगदी तसलं. त्यांना काचबिंदू झाला आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, उरलीसुरली नजरही आता फार टिकायची नाही.

"डेल्बर्ट, एकदा त्याला काळं करून पळवून दाखव की रे," बाबा म्हणाले.

"दाखवतो ना बाबा, नाताळात."

नाताळ गेला, ईस्टर गेला. माझं डोकं फिरलं. "अरे, म्हातारा माणूस डोळ्यांत प्राण आणून बसलाय!"

"लोरीन, तुला यातलं कळत नाही."

"मला कशाला कळेल! मी फक्त त्यांची मुलगी."

शेवटी उन्हाळ्यात त्यानं एकदाचं खोकं उघडलं. आतला फोम इतक्या वर्षांत कुजून पितळेला चिकटला होता, करपलेल्या जॅमसारखा. डेल्बर्टचा चेहरा पांढराफटक. "मी तर याला हातसुद्धा लावला नव्हता गं!"

"तेच तर!" मी ओरडले. "आता आहे तसं चालव."

"असं डागाळलेलं? बाबांना?"

मग खरवडणं, धुणं, रंगवणं. रंग मनासारखा बसेना, की पुन्हा पहिल्यापासून. पानगळ सुरू झाली तरी याचं चालूच. मी बोलून बोलून थकले.

एकदाचं झालं. जेवणाच्या टेबलावर रूळ मांडले, बाबांना खुर्चीत बसवलं. डेल्बर्टनं कळ फिरवली. काळंभोर इंजिन निघालं, लोण्यासारखं, जराही आवाज नाही.

बाबा हसऱ्या चेहऱ्यानं बसून होते. जरा वेळानं म्हणाले, "पळव की रे आता. अजून किती वाट बघायला लावशील?"

इंजिन त्यांच्या पुढ्यातूनच चाललं होतं.