दरीकडची कड

माझं पोस्टिंग डोंगरातल्या एका रस्ता-तुकडीत झालं, तेव्हा मी हवालदार होतो. लोकांना वाटतं, फौजी म्हणजे बंदूक. माझ्या हातात बरीच वर्षं डांबराचा थर्मामीटर होता. चौकीपर्यंत रसद ज्या रस्त्याने जाते तो कुणीतरी करावा लागतो. तो आम्ही करायचो.

रोलर चालवायला नाईक सुधीर ढोक होता. आम्ही दोघं भोपाळचे. दोघांचे वडील नागपूरहून सरकारी ऑफिसबरोबर आलेले कारकून, जवाहर चौकामागे आमची क्वार्टर्स शेजारी-शेजारी. सुधीर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. ड्यूटीवर तो मला 'उस्ताद' म्हणायचा, एरवी 'दादा'. हा नियम त्याने कधी मोडला नव्हता.

काम ठरलेलं असे. सकाळी सहाला प्लांटवर डांबर-खडीचं मिक्स तापवायचं, टिपरवर ताडपत्री घालून वर आणायचं. टिपर पेव्हरच्या तोंडात माल ओततो, पेव्हर हळूहळू पुढे सरकत सारखा थर पसरतो, मागून रोलर दाबतो. रोलर खालच्या कडेपासून सुरू करायचा, गरम थरावर उभा करायचा नाही. मिक्स गार झालं की दाब बसत नाही आणि न दाबलेली कड एका हिवाळ्यात सुटते. कडेच्या बाबतीत मी भलताच खडूस होतो. माझ्यामागे जवान मला 'किनारेवाले उस्ताद' म्हणत, आणि मला त्याचा अभिमान वाटे.

त्या दिवशी आम्ही नाल्याच्या वळणावर होतो. तिथे खालची कड म्हणजे दरीची कड. तिथली दगडी भिंत ढासळली होती, ती पंधरा दिवसांपूर्वीच नव्याने बांधून मागे भराव घातला होता. हे मला माहीत होतं. दहा चाळीसला सुधीरने रोलर कडेपासून हातभर आत ठेवला.

"कड सोडू नको," मी ओरडलो.

"दादा, किनारा पोला वाटून राहिला, आतून पोकळ."

दादा म्हणाला तो. ड्यूटीवर, सगळ्यांसमोर. तिथेच मी थांबायला हवं होतं. मी थर्मामीटर पाहिला. एकशे दहा.

"मिक्स गार होतंय. घे."

"जी, उस्ताद."

त्याने घेतला. भराव खचला, भिंत फुगली आणि आठ टनांचा रोलर आडवा होऊन वीस फूट खाली अडकला. सुधीरचे दोन्ही पाय त्याच्याखाली होते. तो शुद्धीत होता.

जॅक लावला, तो भुसभुशीत मातीत रुतला. बारा जणांनी पहारी लावल्या. रोलर तसूभर हलला नाही. क्रेन होती, पण प्लांटच्या बाजूला, पेव्हरच्या पुढे. रस्ता एकेरी. पेव्हरने तो पुरता अडवला होता. क्रेन यायची तर पेव्हर आधी पुढच्या रुंद जागेपर्यंत न्यायला हवा होता, दीड किलोमीटर. पेव्हर किती वेगाने चालतो? माणूस सहज त्याच्या पुढे जातो.

नर्सिंग असिस्टंटने इंजेक्शन दिलं. मी सुधीरचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. दुसऱ्या हातात वॉकी-टॉकी होता.

"पेव्हर, कहाँ पहुँचे?"

"हजार मीटर बाकी, उस्ताद. ओव्हर."

"तेज चलो."

"फुल थ्रॉटल है. ओव्हर."

मला पेव्हरचे पट्टे वरून खडखडत दूर जाताना ऐकू येत होते. सातशे. चारशे. ज्या यंत्राच्या संथ चालीची मी रोज तारीफ करत असे, त्याला मी मनात शिव्या घालत होतो. दुसरं काहीच करण्यासारखं नव्हतं.

"दादा, कड बसली का?" सुधीरने विचारलं.

"बसली," मी खोटं बोललो.

अकरा वाजून बारा मिनिटांनी तो गेला. अकरा सतराला पेव्हर बाजूला लागला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत 'नवीन भराव खचला' असं लिहिलं गेलं. ते खरंच होतं. माझा हुकूम कुणी विचारला नाही. सुधीरच्या आईला, काकूंना, मी इतकंच सांगितलं की तो ड्यूटीवर गेला.

आता निवृत्त होऊन मी भोपाळातच कोलार रोडला राहतो. मागच्या आठवड्यात आमच्या कॉलनीसमोर डांबरीकरण झालं. पाइपलाइनची चारी नुकतीच बुजवलेली, आणि सुपरवायझर रोलरवाल्याला सांगत होता, "किनारे तक ले, भैया!" मी बनियनवरच धावलो आणि कडेवर उभा राहिलो.

"अंकल, हटिए, माल ठंडा हो रहा है."

"होने दो," मी म्हणालो.

सुपरवायझरने कपाळाला हात लावला, पण कड सोडली. ती पट्टी मजुरांनी जड लोखंडी धुमसाने हाताने ठोकून बसवली. त्यांच्यात मीही एक धुमस हाती घेतला.

संध्याकाळी जवाहर चौकात गेलो. काकू आता एकट्याच राहतात, सुधीरचा फोटो टीव्हीच्या वर आहे. मी सगळं सांगितलं. त्याने मला बजावलं होतं आणि मी 'घे' म्हणालो, हेही.

काकूंनी फोटोकडे पाहिलं.

"मग त्याने ऐकलं तुझं?"

"लगेच."

"हो," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून तुझंच ऐकायचा तो."