राजेसाहेबांच्या डब्यात आत्या

नगरच्या स्टँडवरून एसटी हलली तेव्हापासूनच माझ्या जिवाला घोर लागला होता. श्रीरामपूरहून दुपारची मनमाडकडची गाडी गाठायची, मग नागपूर. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पोचायचं. आणि आत्याने मध्येच हट्ट धरलेला. "आदी कारखान्यात जायचं. त्या डब्यात बसायचं."

डबा एका संस्थानिकाचा. कारखान्याच्या उसाच्या छोट्या रेल्वेला तो कधीमधी जोडत. माझे आजोबा त्या रुळांवर मजूर होते. राजेसाहेब येणार म्हटलं की लहानगी आत्या डब्याची चाकं पुसायची आणि काचेतून आतली लाल मखमल बघायची. दाराच्या दांड्याला हात लावायची, आत पाऊल टाकायची आम्हा लोकांना बंदी. पुढे रूळ उखडले, इंजिनं आणि डबा एका शेडमध्ये मांडून त्याचं संग्रहालय केलं. आता दसऱ्यानंतर डबा दिल्लीला हलवणार होते, म्हणून आजच जायचं.

राहुरीला ड्रायव्हर चहाला उतरला तो परत येईना. मी सारखा खाली-वर करत होतो. आत्या निवांत शेंगदाणे खात होती. "आरं, पायाला भिंगरी बांदलीया का?"

अखेर कारखान्यावर पोचलो. शेडमध्ये काळीभोर इंजिनं, त्यांच्या धुराड्यांना झेंडूच्या माळा. डब्याचं दार उघडं, आत उदबत्ती जळत होती. खंडेनवमी (दसऱ्याआधीची हत्यारांची पूजा) मी साफ विसरलो होतो. रखवालदार आडवा आला.

"मावशी, पूजा झालीया. हात लावायचा न्हाई."

आत्याचा चेहरा उतरला. हेच वाक्य तिने लहानपणी याच डब्यापाशी ऐकलं होतं. माझं डोकं सणकलं. "कुणी लावायचा नाही? हिनं?"

"कुनीच न्हाई, साहेब. आज पुजलेल्या यंत्राला उद्यापतूर हात लावत न्हाईत. मी बी न्हाई."

"तू बी न्हाई?" आत्याने विचारलं.

"न्हाई."

"सगळ्यांनाच बंदी? मंग बरं हाय." ती चक्क हसली. "मी हात न्हाई लावत. निस्ती बसते."

रखवालदाराने डोकं खाजवलं. बसण्याबद्दल वाडवडिलांनी काही सांगितलेलं त्याला आठवेना. शेवटी त्याने स्टूल आणलं. "चपला तेवढ्या काडा. आन् माजा हात धरा."

एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने मी. दांड्याला न शिवता आत्या वर चढली आणि हात मांडीवर ठेवून बसली. मखमल पार विटलेली, स्प्रिंगा वर आलेल्या. मला रडू फुटलं, आणि गाडी चुकणार म्हणून मी घड्याळही बघत होतो.

"आत्या, चल आता."

"थांब की. आत्ताच तर बसले."

गाडी गेलीच. पुढची मिळून नागपूरला पोचेपर्यंत दसऱ्याचा दिवस कलला होता. वाटभर मी चडफडत होतो; प्रवास म्हणजे वेळेवर पोचणं, अशी माझी तोवरची समजूत. दीक्षाभूमीच्या फाटकाशी चुलतभाऊ वाट बघून कंटाळला होता. "एवढा वेळ कुठं अडकलात?"

मी कारणं जुळवू लागलो, तोच आत्या पुढे झाली.

"अडकलो न्हाई," ती म्हणाली. "मी बसले हुते."