पाच हिरव्यांमागं एक लाल

आमच्या तृप्ती मॅडम कुंभार पिंपळगावच्या. जालना एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात मशिनी चालवायचे प्रोग्राम लिहितात. डोकं तेज, जीभ त्याहून तेज! मी दैवशाला, तिथंच पॅकिंगला. माझा नवरा मच्छिंद्र पोती वाहणाऱ्या पट्ट्यावर.

चहा पिता पिता मॅडमनीच सांगितल्तं. एक प्रोग्राम बटणाकडं ध्यान ठेवतो, दुसरा पट्टा फिरवतो. दोघं थेट बोलत न्हाईत. पहिला निरोप रांगेत ठेवतो, दुसरा आला त्या क्रमानं एकेक उचलतो. त्या रांगेला मेसेज क्यू म्हणतात. दुसरा बंद पडला तरी निरोप तिथंच पडून राहतात.

त्या दुपारी दुसरा प्रोग्रामच बंद पडला अन् पट्टा थांबला. मंग आमचे लोक काय करतात? पट्टा चालू करायचं हिरवं बटण दाबत सुटतात! एकदा दाबून थांबेल तो आमच्या कारखान्यातला कसला? शिफ्टचे केशव साहेब तर ठोसे मारल्यावानी दाबत होते. पट्टा हलेना, तसे मॅडमच्या केबिनमधी येऊन ओरडले, "जल्दी चालू करा, बाहेर गाड्या खोळंबल्यात!"

पॅकिंग थांबलं म्हणून मीबी विचारायला गेल्ते. मॅडमनी प्रोग्राम उठवायचा हुकूम टाईप केल्ता, फक्त एंटर बाकी. दाबायच्या आधी त्यांनी रांग उघडून पाहिली. पाच हिरवे निरोप, अन् सगळ्यात शेवटी एक लाल.

"लाल कोणी दाबलं?"

लाल म्हंजे पट्टा थांबवायचं बटण, आमच्याकडं ते दाबूनच माणूस पट्ट्याखाली उतरतो. मेन स्विच कोणी पाडत न्हाई, वाळवणीचे पंखेबी बंद पडतात म्हणून. काचेतून पाहिलं, तर मच्छिंद्रचे नुसते पाय दिसत होते. अडकलेलं पोतं ओढून राह्यला होता.

"लाल दाबलंय ना? मंग भ्या कशाचं!" म्हणत साहेबांनी एंटरकडं बोट नेलं. मॅडमनी त्यांचं मनगटच धरलं.

"अहो, लालच्या पुढं पाच हिरवे हायेत! आधी पट्टा फिरंल. लाल वाचेस्तोवर आतला माणूस राह्यल का? मावशी, पळा!"

कशी पळाले, देवाला माहीत. पाय धरून त्याला बाहेर ओढलं.

"अगं, लाल दाबलंय की मी!" तो चिडला.

मी सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली, अन् तिथंच रडले.

केबिनमधी परत आले. मॅडमनी रांग रिकामी केल्ती. एरवी साहेबांनाबी फाडून खाणारी बाई, मान खाली घालून बोलली.

"मावशी, लाल अन् हिरवं एका रांगेत मीच लावलं. पहिल्या दिवसापासून तसंच हाय."

मला असा संताप आला, काय सांगू! रोज माझा माणूस त्याच भरवशावर खाली उतरत होता. तरी खुर्ची ओढून मी त्यांच्याजवळ बसले.

"मॅडम, लालला रांगेतून पुढं काढा. तोवर मी हितून हलत न्हाई. कोण पट्टा चालू करतं, बघतेच!"

साहेब दारात आले, माझ्याकडं पाहिलं, अन् गाड्या परत पाठवायला गेले.